‘ले’चा ‘ला’

आमच्या सासुरवाडीला दोन जावई आहेत आणि दोघांनाही कॉम्प्युटर येतो. एवढी एक अडचण सोडली तर घर चांगलं आहे.

मोठा मी. बुलढाण्याला एका कार्यालयात लिपिक आहे. इतकी वर्षं सरकारी पत्रं बडवून बडवून माझी बोटं अशी सभ्य झाली आहेत की रविवारी मेथी निवडायला बसलो तरी ती ‘उपरोक्त विषयान्वये’च निवडतात. धाकटा मिलिंद. शेगावला त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि त्यात ऑफिसच्या कामाचं विकतचं सॉफ्टवेअर. मिलिंदच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि त्यात ऑफिसच्याच कामाचं फुकटचं सॉफ्टवेअर. पत्र लिहा, तक्ते करा, दोन्हींत काम सारखंच होतं. पण हे दोन साडूंना सांगणार कोण? बाकीच्या घरांत साडूंची चढाओढ प्लॉटवरून किंवा पोरांच्या मार्कांवरून होते. आमची यावरून होती.

मी पाठवलेली फाईल त्याच्याकडे उघडली की तक्ता पानाबाहेर लोंबायचा. त्याची माझ्याकडे उघडली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर बसायची. मी म्हणायचो, “फुकटचं आहे मिलिंदराव, चालायचंच.” तो शांतपणे म्हणायचा, “पैसे भरूनबी तुमचीच फाईल लोंबून राह्यली, भाऊ.” यावर आमच्या सासूबाईंचं मत असं होतं : “जावई दोघंबी लय गुणाचे. फक्त त्याहिच्या मशिनी एकमेकीले पाण्यात पाह्यतात.”

या सासूबाई म्हणजे धाड गावच्या शांताबाई भालेराव. आम्ही दोघं त्यांना मामी म्हणतो. धाडमध्ये बारसं असो, लग्न असो की विहारातला कार्यक्रम, मामींचं गाणं झाल्याशिवाय लोक जागचे उठत नसत. गाणी त्यांची स्वतःचीच. वावरात निंदताना, चुलीपुढे, एसटीची वाट बघताना जुळवलेली. कागदावर एकही नाही, कारण शाळेची पायरी मामी कधी चढल्या नाहीत. सगळी गाणी डोक्यात आणि गळ्यात.

गेल्या वर्षी त्या गळ्यातच गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी ठरली, आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गायला हरकत नाही. मामींनी घरी येऊन एकदा गुणगुणून पाहिलं. आवाज चिरला. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्या बायकोनं, वंदनानं, विनवण्या केल्या. शेजारच्या कमलबाई, ज्या आयुष्यभर मामींच्या मागे कोरसला उभ्या राहिल्या, त्या तर चक्क भांडल्या. मामींचं उत्तर एकच होतं : “फाटक्या सुपात काय पाखडू वं?”

घरात गाणं नाही म्हणजे काय, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. मामी बोलत होत्या, हसत होत्या, भाकरी थापत होत्या, पण भाकरी थापताना गप्प असायच्या. वंदना माहेराहून परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसायची. शेवटी तिनं ठरवलं की आई गात नसेल तर नसो, निदान गाणी तरी जायला नकोत. त्यांची पुस्तिका छापायची आणि बुद्ध पौर्णिमेला विहारात तिचं प्रकाशन करायचं. बायका पुस्तिका हातात धरून गातील आणि मामी समोर बसून ऐकतील.

टाईप करायला घरात दोन जावई होतेच.

मामी ओसरीवर बसून गाणी सांगायच्या, गात नव्हत्या, नुसत्या बोलल्यासारख्या सांगायच्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मिलिंद. एकानं टाईप केलं असतं तर भागलं असतं, पण दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून दोघंही सगळं टाईप करत होतो. मामी मध्येच थांबून आमच्याकडे आळीपाळीनं बघत आणि म्हणत, “एवढ्या जोरानं तं मीबी कधी गायले नाई.” सुरुवातीलाच त्यांनी एक बजावलं होतं. “बापू, माह्ये शब्द माह्येच ठेवजा. त्याहिले शहरातलं लुगडं नका नेसवू.”

“हो हो,” मी म्हणालो. मला तेव्हा मिलिंदच्या पडद्याकडे बघायचं होतं.

कारण पडद्यावर एक विलक्षण प्रकार सुरू झाला होता. मामींची गाणी वऱ्हाडीत. मले, तुले, घराले, सासरले. कॉम्प्युटरला फक्त पुस्तकातलं मराठी येतं. चुकीचा वाटलेला शब्द दिसला की तो त्याच्याखाली लाल रेष मारतो. त्यामुळे दोन्ही लॅपटॉपवर मामींची गाणी खालून तांबडीलाल झाली होती, माझ्याही आणि त्याच्याही. विकतचं आणि फुकटचं यांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

वंदना दोन्ही पडदे बघून म्हणाली, “हे काय, जखमा झाल्यासारखं दिसते. ज्याची फाईल स्वच्छ होईल त्याची छापखान्यात जाईल.”

झालं. माझ्या अंगात वारं शिरलं.

मिलिंदनं काय करावं? तो एकेका शब्दावर जाऊन ‘शब्दकोशात जोडा’ असं दाबत बसला. म्हणजे ‘मले’ हा शब्द बरोबर आहे, हे तो मशीनला समजावून सांगत होता. मग ‘तुले’. मग ‘घराले’. एखाद्या मास्तरनं ढ पोराला शिकवावं तसं. मी मनात म्हणालो, बस शिकवत. विकतच्या सॉफ्टवेअरचा माणूस अशी हमाली करत नसतो. (फुकटच्यातही तीच सोय आहे, हे मला नंतर कळलं.) एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा टाकायचा आणि ‘सगळे बदला’ दाबायचं, एवढंच काम. मी नीट विचार केला. मले, तुले, घराले, सासरले : एकेक कशाला बदलायचा? सगळ्यांच्या शेपटीला एकच गुन्हेगार लटकलाय. ‘ले’. मी शोधायला ‘ले’ दिलं, बदलायला ‘ला’ दिलं आणि दाबलं.

डोळ्याचं पातं लवण्याआधी काम फत्ते. किती ठिकाणी बदल झाला ते कॉम्प्युटर सांगतो. आकडा भलताच मोठा होता. मला वाटलं, मामी बोलतातच तसं. थोड्या लाल रेषा तरीही उरल्या होत्या. त्यांच्यासाठी मी शुद्धलेखन तपासणीच बंद करून टाकली. पडदा सारवलेल्या अंगणासारखा लख्ख झाला. मामींचे शब्द मी बदलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. शब्द तेच, फक्त शेपूट व्याकरणाची, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

वंदनानं लांबूनच दोन्ही पडदे पाहिले आणि माझी फाईल निवडली. छोटी प्रस्तावना आणि मुखपृष्ठ मी पहिल्याच दिवशी, गाण्यांच्या आधी, त्याच फाईलमध्ये करून ठेवलं होतं. वर ‘लेखिका : शांताबाई भालेराव’. खाली बारीक अक्षरात ‘संपादन : थोरले जावई’. स्वतःचं नाव घालणं मला बरं दिसेना. मी मुळात नम्र माणूस आहे.

फाईल मी घरच्या सगळ्यांना पाठवली. मेहुणा पुण्याला असतो, त्याच्याकडे मॅक. त्याचा लगेच निरोप आला, “मस्त दिसतंय दाजी. फाँट फक्त जुनाट वाटतोय.” मॅकवाली माणसं वाचत नाहीत, बघतात. दुसऱ्या दिवशी शेगावहून मिलिंदचा फोन.

“भाऊ, तुमच्या फाईलीत लेकीचं लाक झालं.”

“काय झालं?”

“लाक. लेकराचं लाकरू. पयल्या पानावर लाखिका लिवून आलं. पाहून घ्या एकडाव.”

आता, हा क्षण मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. माझ्यासमोर लॅपटॉप होता. तो उघडाच होता. नुसती मान खाली घातली असती तरी पुरे होतं. पण मी खुर्चीत मागे रेललो आणि हसलो.

“मिलिंदराव, माझ्याकडे एकदम ठीक आहे. तुमच्या लिनक्सवर आमच्या फाईली अशाच उघडतात. मागे तक्ता लोंबत होता, आता मात्रा गळतायत.”

“मात्रा गळली असती तं ‘लक’ झालं असतं भाऊ. हे तं ‘लाक’ होऊन राह्यलं.”

“फुकटचं आहे,” मी म्हणालो, “मात्रेऐवजी काना देत असेल.”

 तो म्हणाला, “बरं.” एवढंच.

तरीही मी सावधगिरी म्हणून फाईलची पीडीएफ केली. पीडीएफ कुठेही उघडा, विंडोजवर उघडा की लिनक्सवर, काही म्हणता काही हलत नाही. छापखानेवाल्यानं नमुना तपासायला बोलावलं तेव्हाही मी त्याला हेच सांगितलं. “पीडीएफ आहे ती. तिच्यात काही हलत नसतं.” खरंच काही हललं नाही.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी धाडच्या विहारासमोर मांडव भरला. बुद्धवंदना झाली, त्रिशरण झालं. मामी नवं पांढरं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर, शेजारी मामा, म्हणजे आमचे सासरे. प्रमुख पाहुण्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पुस्तिकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, एक प्रत उचलली, चष्मा लावला आणि माईकवर वाचलं.

“लाखिका...” त्या थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला. “लाखिका, शांताबाई भालाराव.”

मामा मामींकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “भाला? आपन कधी फेकला भाला?”

 मुख्याध्यापिका बाई शिस्तीच्या. त्यांनी पान उलटून माझी प्रस्तावना वाचायला घेतली. “ही मामींनी रचलाली आणि गायलाली गाणी, संकलित केलाल्या स्वरूपात...” पुढचं मला आता आठवत नाही. पण ‘गायलाली’ आठवतं. ते मला मरेपर्यंत आठवेल. बाईंनी माझ्याकडे बघून अत्यंत सौजन्यानं विचारलं, “वऱ्हाडीचा हा प्रकार माझ्या ऐकण्यात नव्हता. कुठं बोलतात असं?”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. “साखरखेर्ड्याकडे,” मी म्हणालो. साखरखेर्डा हे माझं गाव. त्या गावानं माझं काही वाईट केलेलं नाही.

मिलिंद मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. आता तो हसणार, अशी माझी खात्री होती. तो हसला नाही. त्यानं नुसती मान हलवली, ‘धीर धरा’ म्हटल्यासारखी. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मग कमलबाई आपलं महिला मंडळ घेऊन उभ्या राहिल्या. गाणी सगळ्यांची तोंडपाठ होती. पण कमलबाई मोठेपणी वाचायला शिकलेल्या, छापील अक्षरावर त्यांची श्रद्धा. मागून कुणीतरी कुजबुजलं, “कमलबाई, हे तं येगळंच लिवलं हाय.” त्यावर कमलबाई म्हणाल्या, “छापलं हाय तं शांताबाईनंच बदललं असंन. जसं हाय तसं म्हना.” आणि मंडळानं पाळणा धरला. मामींचे शब्द होते, ‘पाळणा डोले, बाळ हळू बोले, मावशीले आले हसू.’ मंडळानं टाळ्यांवर म्हटलं :

पाळणा डोला, बाळ हळू बोला,
मावशीला आला हसू.

मांडवातल्या सगळ्या मावश्यांना खरोखरच हसू आला.

दुसरं गाणं नव्या सुनेचं. ‘सून आली घराले, सासू गोड बोले.’ आता झालं होतं, ‘सून आली घराला, सासू गोड बोला!’ ही ओळ मंडळानं पुन्हा पुन्हा घोळवली, कारण ते धृपद होतं. पहिल्या रांगेत सगळ्या सासवा बसलेल्या. एकीला राहवेना. “आमी काय कडू बोलतो काय वं?” दुसरी म्हणाली, “सुनाईनंच छापून आनलं असंन हे!” मागच्या रांगेतल्या सुनांनी पदरात तोंडं खुपसली. मी मांडवातून निघायची वाट शोधत होतो, पण दारात खिरीचं पातेलं आडवं होतं.

मामी मात्र हसत नव्हत्या. त्या पुस्तिका मांडीवर पालथी ठेवून नुसत्या ऐकत होत्या.

तिसरं गाणं लेकीच्या पाठवणीचं. ते मामींनी वंदनाच्या लग्नात रचलं होतं. म्हणजे माझ्याच लग्नात. ते गाणं संपलं तेव्हा मांडवात एकही डोळा कोरडा राहिला नव्हता, मीसुद्धा रडलो होतो, आणि माझी तर कोणी पाठवणी करत नव्हतं. कमलबाईंनी सुरुवात केली.

लाक निघाली सासरला, मांडव झाला सुना...

मांडवात एकच हशा पिकला. आणि मामी उठल्या.

“थांबा वं,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण टाळ्या थांबल्या. “कमल, लाक काय असते? माही वंदना काय लाक होती? लेक म्हन. लेक.”

“छापलं हाय ना शांताबाई.”

“छापू दे! इकडं पाय. असं हाय थे.” आणि रागाच्या भरात, आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात येण्याआधीच, मामींनी दाखवायला म्हणून ओळ उचलली.

लेक निघाली सासरले, मांडव झाला सुना,
मले इचारे उंबरठा, येशील कधी पुन्हा...

‘उंबरठा’वर आवाज चिरला. मामी थबकल्या.  मला वाटलं, संपलं. आता त्या खाली बसतील आणि परत कधीच उठणार नाहीत, आणि हे माझ्यामुळे होईल. पण कमलबाईंनी पुस्तिका काखेत मारली आणि चिरलेली ओळ तिथूनच उचलली. मंडळानं उचलली. त्या आधारावर मामी पुन्हा आत शिरल्या. आवाज पूर्वीचा नव्हता. बारीक होता, खरखरीत होता, वर जाताना हात धरायला कोणीतरी लागत होतं. पण गाणं मामींचं होतं आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. मग त्यांनी सुनेचं गाणंही नीट करून दाखवलं. मग पाळणा. मंडळातल्या बायका आता पुस्तिकांनी वारा घेत होत्या.

वंदना माझ्या शेजारी उभी राहून ढसढसा रडत होती. मी तिला हळूच म्हणालो, “माझं चुकलं.” ती नाक पुसत म्हणाली, “लय चांगलं चुकलं तुमी. वर्षभर आमी पाया पडून राह्यलो, तवा आई गायली नाई.” मिलिंद खांबाजवळ मोबाईल उंच धरून पहिल्या ओळीपासून सगळं रेकॉर्ड करत होता. ते रेकॉर्डिंग आज आमच्या सगळ्यांकडे आहे. विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर, कुठेही लावा, काही हलत नाही.

खीर वाढताना मी मामींच्या समोर गेलो आणि मान खाली घालून उभा राहिलो. मामींनी वाटीत खीर वाढली.

“बापू, तुमच्या मशिनीनं माही लेक पळवली,” त्या म्हणाल्या. मग वाटी माझ्या हातात दिली. “पन गळा वापस देल्ला. बसा, खीर खा.”

आयुष्यात मला पुष्कळ माणसांनी माफ केलं आहे. पण माझ्या ढिसाळपणाबद्दल एक सबंध गाव माझे आभार मानतंय, असं त्याच दिवशी झालं. कमलबाईंनी तर दोनदा वाढून घ्यायला लावली. आणि मिलिंदचे उपकार मी विसरणार नाही. ‘मी फोन केला होता’ हे वाक्य त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही आणि आजपर्यंत म्हटलेलं नाही. माझ्याकडून तर एवढं सोसलं गेलं नसतं.

पुढे पुस्तिका पुन्हा छापायची ठरली. या वेळी फाईल मिलिंदची, फुकटच्यातली. त्यानं शिकवलेला तो शब्दकोश एव्हाना चांगला जाडजूड झाला होता. तो त्यानं माझ्याही लॅपटॉपवर घालून दिला. आता माझं विकतचं सॉफ्टवेअर ‘मले’ला नावं ठेवत नाही. मामी आता भाकरी थापताना गातात, आणि अडल्या की कमलबाईंना हाक मारतात.

नवी पुस्तिका हातात आली तेव्हा मी पहिल्यांदाच प्रत्येक पान वाचलं. लेक लेक होती, लेकरू लेकरू होतं, भालेराव भालेराव होते. मिलिंदनं एकही चूक ठेवली नव्हती. फक्त मुखपृष्ठ त्यानं माझंच घेतलं होतं आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात माझ्या ‘थोरले’ची ओळ पहिल्या छपाईतलीच राहिली होती : ‘संपादन : थोरला जावई’.

मी लगेच फोन लावला. “मिलिंदराव, सगळं दुरुस्त केलं, मग हे काऊन राह्यलं?”

“मी करून राह्यलो होतो भाऊ,” तो म्हणाला. “पन मामी म्हनल्या, तेवढं एक बरोबर छापलं होतं.”